‘मिस्टर सनशाइन’मधले केस: तीन पुरुष, एक वेणी आणि १८९५ चा हुकूम

आजचा भाग केसांवर आहे. हो, बरोबर ऐकलंत. कुठल्या तेलवाल्याने पैसे दिलेले नाहीत, काळजी नसावी.

झालं असं की गेल्या महिन्यात मी ‘मिस्टर सनशाइन’ दुसऱ्यांदा बघायला घेतली. २०१८ ची कोरियन मालिका, चोवीस भाग, नेटफ्लिक्सवर आली होती. पहिल्यांदा बघितली ती रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागून, आणि सकाळच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून. या वेळी आई शेजारी येऊन बसली. तिला सबटायटल वाचायचा भयंकर कंटाळा, त्यामुळे ती संवाद सोडून नुसती माणसं बघत होती. दोन भाग झाल्यावर म्हणाली, “काय गं, या तिघांचेच केस कापलेले का? बाकी रस्त्यावरच्या सगळ्यांच्या डोक्यावर ती गाठ आहे.”

मी म्हटलं, “अगं, हिरो आहेत ना ते.”

ती गप्प बसली, पण मलाच ते उत्तर पटेना. कारण पहिल्यांदा बघताना मी अगदी हाच विचार करून पुढे गेले होते. हिरो आहेत, म्हणून केस छान. मग मी वाचायला लागले, आणि लक्षात आलं की आईने नेमका मालिकेच्या वर्मावर बोट ठेवलं होतं. त्या तिघांच्या डोक्यावर गाठ का नाही, याचं उत्तर म्हणजेच जवळजवळ अर्धी गोष्ट आहे. तर आजचा भाग म्हणजे आईला दिलेल्या त्या उत्तराची दुरुस्ती आहे. शेवट मी फोडणार नाही. पण मधला एक प्रसंग सांगावाच लागेल, तो आला की आधी इशारा देईन.

ज्यांनी बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ साधारण १९०२, गाव हानसंग, म्हणजे आजचं सोल. जोसन राजवट १३९२ पासून चालत आलेली. १८९७ मध्ये राजा गोजोंगने स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं, पण तोवर जपान नुसता दारात उभा नव्हता, पार माजघरात येऊन बसला होता. १९१० मध्ये त्यांनी देश गिळलाच. या दोनच्या मधल्या काळातली ही गोष्ट.

नायिका गो ए-शिन, मोठ्या खानदानी घरातली नात. दिवसा रेशमी हानबोकमध्ये, रात्री पुरुषी सूट घालून बंदूक चालवणारी. आणि तिच्या भोवती तीन पुरुष. यूजीन चोई हा गुलामाच्या पोटी जन्मलेला, लहानपणी अमेरिकन जहाजातून पळालेला, आता अमेरिकन सैन्याचा कॅप्टन होऊन परत आलेला. गू डोंग-मे हा खाटकाचा मुलगा, जपानला जाऊन तलवारबाज झालेला. आणि किम ही-संग हा गडगंज श्रीमंत घरातला, ए-शिनचा वाग्दत्त वर, दहा वर्षं जपानमध्ये ‘शिकायला’ राहून आलेला. तिघांचेही केस कापलेले. आईने पकडलं ते हेच.

आता मुळात ती गाठ काय प्रकार आहे ते बघू.

जोसनमध्ये लहानपणी मुलगा असो की मुलगी, केस वाढवायचे आणि पाठीवर एक वेणी सोडायची. वेणीच्या टोकाला रिबीन. तिला म्हणतात देंग्गी. (डेंगी नव्हे. मी पहिल्यांदा मोठ्याने वाचलं तेव्हा भाऊ म्हणाला, कुणाला झाला?) लग्न ठरलं की मुलाची वेणी सोडायची, सगळे केस वर ओढून डोक्याच्या बरोबर मध्यावर पिळून त्यांची उभी घट्ट गाठ बांधायची. तिचं नाव सांगतू. आपली शेंडी डोळ्यांसमोर आणू नका. शेंडी म्हणजे बाकीचं डोकं भादरून राखलेला झुपका. इथे डोक्यावरचे सगळे केस त्या एका गाठीत जातात.

आणि ही गाठ म्हणजे माणूस झाल्याचा दाखला. इझाबेला बर्ड बिशप नावाची एक इंग्रज प्रवासी बाई १८९४ ते १८९७ च्या दरम्यान कोरियात चार वेळा जाऊन आली. तिने यावर बरंच लिहिलंय. तिचं निरीक्षण असं की बिनलग्नाचा पुरुष कितीही वयाचा झाला तरी तिथे त्याला पोरच समजायचे, कुणी त्याला मान देत नसे. आणि कोवळ्या वयात लग्न झालेलं पोर डोक्यावर गाठ आली की एका दिवसात पुरुष. भाषेतसुद्धा फरक. कोरियन भाषेत आदराच्या पायऱ्या आपल्यापेक्षा जास्त आहेत, आणि वेणीवाल्या चाळिशीच्या बाप्याला खुशाल अरे-तुरे केलं जायचं. म्हणजे तुमचं वय, शिक्षण काही विचारायची गरज नाही. मागून नुसतं डोकं बघितलं की कळतं, या माणसाशी कसं बोलायचं.

गाठ बांधायची पद्धतही मोठी रोचक आहे. सगळे केस एकत्र केले तर गाठ अगडबंब होते, शिवाय उन्हाळ्यात डोकं तापतं. म्हणून टाळूवरचा एक गोल भाग चक्क भादरून टाकायचे. भोवतीचे केस वर घेतले की ती टाळू झाकली जायची. वरून बघणाऱ्याला पत्ता नाही. मग कपाळावरून डोक्याभोवती घोड्याच्या केसांची विणलेली पट्टी, मांग्गन, करकचून बांधायची म्हणजे एकही बट खाली येणार नाही. ही पट्टी ओढून बांधायची दोरी ज्या छोट्या कड्यांतून जाते, त्या कड्या कशाच्या आहेत यावरून हुद्दा कळायचा. आणि या सगळ्यावर ती काळी, जाळीदार, रुंद काठाची टोपी, गात. बांबूच्या केसाएवढ्या बारीक काड्या आणि घोड्याचे केस यांची बनवलेली. २०१९ मध्ये ‘किंगडम’ आली तेव्हा जगभरातले लोक झॉम्बी सोडून या टोप्यांबद्दलच बोलत होते, आठवतंय? टोपी जाळीदार असण्यामागे गंमत आहे. आतली गाठ दिसली पाहिजे ना. दाखला खिशात ठेवून काय उपयोग!

बरं, एवढा सगळा आटापिटा करून केस राखायचे कशासाठी? तर कन्फ्यूशियसच्या परंपरेत पितृभक्तीवरचा जो ग्रंथ आहे, त्याच्या अगदी सुरुवातीला सांगितलंय की शरीर, केस, त्वचा हे सगळं आईवडिलांकडून मिळालेलं आहे, त्याला इजा होऊ न देणं ही भक्तीची पहिली पायरी. म्हणजे केस तुमचे नाहीतच. ते आईबापांचे, तुमच्याकडे ठेवायला दिलेले.

हे वाचताना मला थांबावं लागलं. तीन वर्षांपूर्वी आजोबा गेले तेव्हा बाबांनी दहाव्याला मुंडण केलं. मी घाटावरून परत आलेल्या बाबांना दारात बघितलं आणि एक क्षण खरंच ओळखलं नाही. कान केवढे मोठे दिसत होते. चेहराच पोरका झाला होता. आपल्याकडे वडील गेले की केस द्यायचे. तिकडे वडिलांनी दिले म्हणून केस राखायचे. दिशा उलट्या, पण दोन्हीकडे डोक्यावरच्या केसांचा हिशोब आईबापांशीच. त्यामुळे ‘केसच तर आहेत’ असं निदान मला तरी म्हणता येत नाही.

आणि हो, टाळू भादरायची ती वेगळी गोष्ट. तिथे भक्ती आड आली नाही. माणसं सगळीकडे सारखीच!

हा विरोधाभास त्यांच्यातल्याच एकाने फार आधी पकडला होता. अठराव्या शतकात पार्क जी-वन नावाचा लेखक १७८० मध्ये चीनला जाऊन आला. चीनमध्ये तेव्हा मांचू लोकांचं राज्य होतं, आणि त्यांनी चिनी पुरुषांना सक्तीने डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे वेणी ठेवायला लावली होती. कोरियातले विद्वान म्हणायचे, बघा, चीनने संस्कृती घालवली, आता खरी संस्कृती आमच्या डोक्यावर शिल्लक आहे. पार्कच्या एका गोष्टीतला हो सेंग नावाचा फटकळ पंडित एका सेनापतीला विचारतो, मांचूंवर सूड घ्यायचाय ना, मग तुमच्या खानदानी पोरांची डोकी भादरा, त्यांचे कपडे घाला आणि पाठवा तिकडे हेरगिरीला. सेनापती म्हणतो, छे, आमचे लोक रीत पाळणारे, डोकं कोण भादरून घेईल? तेव्हा हो सेंग इतका भडकतो की तलवारच शोधायला लागतो. आणि म्हणतो काय, तर तुमची ही गाठ म्हणजे मुळात दक्षिणेकडच्या रानटी लोकांची रीत आहे, तिला कसली संस्कृती म्हणता! म्हणजे ‘आमची प्राचीन परंपरा’ यावर वाद घालणारे तिकडेही होते, आणि तेही अडीचशे वर्षांपूर्वी.

बायकांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर खरं तर वेगळा भाग होईल. लग्न झालं की वेणीची गुंडाळी करून मानेवर अंबाडा, त्यात आडवी लांब काडी, बिन्यो. गरिबाघरी लाकडाची किंवा शिंगाची, श्रीमंताघरी चांदी, सोनं, जेड. पण हा साधा अंबाडा सगळीकडे रूढ झाला तो उशिरा. त्याआधी फॅशन होती गाचेची. आपल्याकडे गंगावन म्हणतात ना, तसे दुसऱ्याचे केस विकत घेऊन डोक्यावर रचायचे. फक्त इथे गंगावनाचा डोंगर. जितका उंच तितकी घरची श्रीमंती मोठी. त्याच काळातल्या ई दक-मू या विद्वानाने लिहून ठेवलंय की एका श्रीमंत घरातली तेरा वर्षांची सून, डोक्यावर असाच भला मोठा गाचे, सासरा खोलीत आला म्हणून पटकन उठायला गेली आणि मान मोडून मेली. तेरा वर्षांची. शेवटी राजा यंगजोने १७५६ मध्ये गाचेवर बंदी घातली, ती नीट टिकली नाही, मग त्याचा नातू जंगजोने १७८८ मध्ये पुन्हा घातली. ‘द रेड स्लीव्ह’ बघितली असेल तर हेच ते दोघे आजोबा-नातू. म्हणून १९०२ च्या ‘मिस्टर सनशाइन’मध्ये लग्न झालेल्या बायका साध्या अंबाड्यात दिसतात, ते बरोबर आहे.

आता मुख्य मुद्दा. हा भाग मला नीट सांगायचाय.

८ ऑक्टोबर १८९५. जपानी मारेकरी राजवाड्यात घुसून राणी मिनचा खून करतात. त्यानंतर राजा गोजोंग आपल्याच वाड्यात जवळजवळ कैदी. जपानधार्जिणं मंत्रिमंडळ सुधारणांचा सपाटा लावतं. पाश्चात्य कॅलेंडर आणतात, १ जानेवारी १८९६ पासून. आणि त्याच्या दोन दिवस आधी, ३० डिसेंबरला, हुकूम निघतो: सर्व पुरुषांनी सांगतू कापायची. कारण काय, तर आरोग्याला चांगलं आणि कामाला सोयीचं.

कारण खोटं होतं का? नाही, आणि त्रासदायक गोष्ट तीच आहे. गाठ धुवायला कठीण, डोक्यात घाम, उवा. जपानने स्वतः १८७१ मध्ये आपल्या लोकांना गाठ कापायला मोकळीक दिली होती, १८७३ मध्ये त्यांच्या सम्राटाने आपली कापली. तिकडे ती आधुनिकतेची खूण ठरली. पण इकडे राणीच्या रक्ताचे डाग अजून सुकले नव्हते आणि तेच लोक कात्री घेऊन दारात उभे. चांगली सुधारणा कुणाच्या हातून येतेय, कोणत्या महिन्यात येतेय, यावर सगळं असतं.

सगळ्यात आधी राजाची गाठ कापली. राजपुत्राची कापली ती गृहमंत्री यू गिल-जुनने, स्वतःच्या हाताने. यू गिल-जुन हा साधासुधा माणूस नव्हता, जपान आणि अमेरिकेत शिकून आलेला, पुस्तकं लिहिलेला विद्वान. मग अधिकारी. मग रस्त्यावरचे. शहराच्या वेशीवर, चौकात कात्रीवाले उभे. बाजाराला आलेल्या खेडुताला धरायचं आणि गाठ उडवायची. आलेली माणसं आपली कापलेली गाठ उचलून, बटव्यात घालून, रडत घरी जायची. थोडा विचार करा. तुम्ही सरपण विकायला शहरात गेलात आणि संध्याकाळी आईबापांनी दिलेली वस्तू बटव्यात घालून परत आलात. घरी काय सांगणार? लोकांनी शहरात यायचंच सोडलं. बर्ड बिशपने लिहिलंय की खेड्यातली माणसं फिरकेनात, त्यामुळे शहरात माल येईना आणि भाव चढले.

चे इक-ह्यन नावाचे एक वृद्ध विद्वान होते. त्यांनी सांगून टाकलं की माझं डोकं कापलं तरी चालेल, केस कापू देणार नाही. त्यांना तुरुंगात टाकलं. पुढे १९०६ मध्ये सत्तरी ओलांडलेली असताना त्यांनी सशस्त्र उठाव केला, पकडले गेले, आणि जपानच्या त्सुशिमा बेटावर कैदेतच गेले. मालिकेत ए-शिनचे आजोबा आहेत ना, ताठ पाठीचे, कुणाचं न ऐकणारे, ते याच जातकुळीचे.

खेड्यापाड्यात ‘उइब्यंग’ म्हणजे धर्मसेना म्हणा, स्वयंसेवकांच्या फौजा उभ्या राहिल्या. राणीचा खून आणि केसांचा हुकूम, ही दोन कारणं. राजधानीतलं सैन्य त्यांना दाबायला बाहेर पडलं, आणि ती संधी साधून ११ फेब्रुवारी १८९६ ला राजा गोजोंग राजवाड्यातून निसटून रशियन वकिलातीत गेला. त्याच दिवशी पंतप्रधान किम होंग-जिपला जमावाने रस्त्यात ठार मारलं. यू गिल-जुन जपानला पळाला. केसांचा हुकूम ढिला पडला, ज्याची त्याची मर्जी झाली. सरकार पडलं, आणि त्यात वाटा होता डोक्यावरच्या चार इंचांच्या गाठीचा.

म्हणून १९०२ च्या रस्त्यावर आईला सगळीकडे गाठी दिसल्या. त्या नुसत्या जुन्या वळणाच्या गाठी नाहीत. सहा वर्षांपूर्वी कात्रीतून वाचवलेल्या आहेत, किंवा कापल्यावर पुन्हा वाढवलेल्या आहेत. आणि या गर्दीतून तिघं जण मोकळ्या मानेने चालत येतात. आपल्याला ते देखणे वाटतात. रस्त्यावरच्या माणसाला ते काय वाटत असतील?

आता तिघांकडे पुन्हा बघा.

यूजीन १८७१ मध्ये पळाला तेव्हा वेणीच्या वयाचं पोर होता. आईबाप डोळ्यांदेखत गेले. त्याच्या डोक्यावर गाठ बांधायला कुणी उरलंच नाही. तो वेणीतून थेट अमेरिकन भांगात आला. जोसनच्या हिशोबात हा माणूस कधी पुरुष झालाच नाही. आणि केस आईबापांचे हे मान्य केलं, तर ज्या देशाने त्याचे आईबाप मारले तो देश त्याला केसांवरून बोल कसा लावणार?

डोंग-मेचं त्याहून वाईट. खाटीक म्हणजे बेकजंग, गावाबाहेरची जात. त्यांना इतरांसारखी टोपी घालायची परवानगी नव्हती, मांग्गनची नाही, बायकांना बिन्यो खोचायची नाही. १८९४ च्या सुधारणांत कागदावर भेदभाव संपला, तरी टोपीचा हक्क मिळेना. तेव्हा सोलमधल्या पार्क संग-चुन नावाच्या खाटकाने, सॅम्युएल मूर या मिशनऱ्याच्या मदतीने, सरकारकडे अर्ज केले. परवानगी मिळाली तेव्हा त्या लोकांना इतका आनंद झाला की काही जण टोपी घालूनच झोपले. (पार्कचा मुलगा पुढे देशातल्या पहिल्या पाश्चात्य पद्धतीच्या डॉक्टरांपैकी एक झाला, १९०८ मध्ये.) आणि गंमत बघा, गंमत कसली, क्रूर थट्टाच: ज्या एक-दोन वर्षांत खाटकाला शेवटी गाठ आणि टोपी मिळाली, त्याच एक-दोन वर्षांत सरकारने गाठ कापायचा हुकूम काढला. पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलेल्याला आत घेतलं, आणि आत आल्या आल्या सांगितलं, घर पाडतोय. डोंग-मे हे सगळं व्हायच्या आधीच देश सोडून गेलेला. त्याचे ते विस्कटलेले केस आणि अंगावरचा किमोनो बघून लोक त्याला देशद्रोही म्हणतात. ज्याला कधी गाठ बांधू दिली नाही, त्याने ती राखली नाही म्हणून.

ही-संग मात्र खरा कापणारा. त्याला गाठ, टोपी, पट्टीच्या कड्या, सगळं जन्माने मिळणार होतं. आजोबांचं पाप त्याला माहीत आहे आणि त्या घराचं काहीच डोक्यावर नकोय, अक्षरशः. फुलं, चंद्र, विनोद यात रमणारा तो पहिल्यांदा बघताना मला नुसता दिलफेक वाटला होता. दुसऱ्यांदा बघताना मला तिघांत तोच सगळ्यात जास्त आवडला. माफ करा, यूजीनवाल्यांनो.

आणि ए-शिन. होणारा नवरा दहा वर्षं जपानमध्ये बसलेला, त्यामुळे लग्नाचं वय उलटून गेलं तरी पाठीवर पोरीची वेणी. तीच वेणी रात्री टोपीखाली लपवून ही छपरांवरून पळते. आता इशारा, ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी एक मिनिट पुढे जा.

एका प्रसंगात डोंग-मे तलवार उपसतो आणि तिची वेणी कापतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, बाई गं, केवढा नाटकीपणा. बॉबकट तर केला! आता बघताना पोटात गोळा आला. तो माणूस तिच्यावर जीव टाकतो, आणि त्याने तिच्या शरीरावरची अशी एकच गोष्ट कापली जी तिची एकटीची नव्हती. तिच्या मेलेल्या आईबापांची होती. आणि कापणारा कोण, तर ज्याच्या आईला केसात साधी काडी खोचायची मुभा नव्हती तो. संवाद फारसे नाहीत त्या प्रसंगात. लागतही नाहीत.

आता तक्रारीही करते, नाहीतर तुम्ही म्हणाल पैसे घेतले. एक तर यूजीनचा भांग. १९०२ चा अमेरिकन कॅप्टन आणि केस अगदी आत्ता सलूनमधून आल्यासारखे. दुसरं, कुणाच्याही गाठीखाली टाळू भादरलेली नाही, नटांना ते कोण करायला लावणार. तिसरं, आणि हे सगळ्याच ऐतिहासिक के-ड्रामांचं, कपाळावर हळूच सोडलेली ती एक बट. मांग्गन बांधायचा तोच तर उद्देश होता की बट सुटू नये! आणि हिरो दुःखी झाला की गाठ सुटते, केस वाऱ्यावर. दिसतं सुंदर. पण जोसनमध्ये चारचौघांत केस मोकळे सोडलेला माणूस म्हणजे बहुतेक वेळा गुन्हेगार, किंवा शिक्षेसाठी चटईवर बसून क्षमा मागणारा, किंवा घरात मयत झालेला. आपण ज्या फ्रेमचा वॉलपेपर करतो, ती त्या काळच्या माणसाने बघितली असती तर मान खाली घातली असती. मी स्वतः तसा वॉलपेपर ठेवला होता, दोन महिने. असो.

पण एका ठिकाणी मालिकेने फार इमानाने काम केलंय. १९०७ मध्ये कोरियन सैन्य बरखास्त केलं तेव्हा पुन्हा उइब्यंग उभे राहिले. मॅकेन्झी नावाचा पत्रकार डोंगरात जाऊन त्यांना भेटला आणि त्याने एक फोटो काढला. हातात जुन्या बंदुका घेऊन ओळीने उभी असलेली डझनभर माणसं, एक जण जुन्या सैन्याच्या गणवेशात, काही अगदी पोरं. मालिकेत तो फोटो काढण्याचा प्रसंग जसाच्या तसा उभा केलाय. मी तिथे पॉज करून मूळ फोटो शेजारी उघडून बसले होते. मूळ फोटोत काहींच्या डोक्याला नुसतं फडकं गुंडाळलेलं आहे. त्याखाली गाठ आहे, वेणी आहे की कापलेले केस, काही कळत नाही. मी बराच वेळ झूम करून बघितलं.

आई आता अकराव्या भागावर आहे. रोज जेवण झालं की स्वतःच रिमोट घेऊन बसते, सबटायटलही वाचायला लागलीय. काल विचारत होती, “त्या मुलीची वेणी किती छान आहे, खरी असेल का गं?” मी म्हटलं, बघ तू पुढे.

चला, भेटू पुढच्या भागात.